विस्थापितांच्या मनाचे पुनर्वसन

(सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चैत्र शुद्ध प्रतिपदेला महाराष्ट्रात घरोघरी गुढी उभारली जाते. त्याच पहाटे काश्मिरी हिंदूंच्या घरात एक ताट मांडलेले असते. त्या सणाचे नाव नवरेह. आदल्या रात्री तांदळाने भरलेल्या ताटात अक्रोड, दही, फुले, नाणे, लेखणी, दौत, आरसा आणि नव्या वर्षाचे पंचांग ठेवायचे आणि सकाळी डोळे उघडताच घरातील प्रत्येकाने प्रथम त्या ताटाचे दर्शन घ्यायचे, असा हा कुलाचार आहे. धान्य दिसावे, विद्या दिसावी, आरशात स्वतःचा चेहरा दिसावा आणि पंचांगात येणारे वर्ष दिसावे, असा त्यामागील साधा भाव.

१९९० सालचा नवरेह हजारो कुटुंबांना खोऱ्याबाहेर, जम्मूच्या आसऱ्याच्या जागांत काढावा लागला. तांदळाची सोय शासनाने केली, समाजाने केली. परंतु आरशात दिसणारा तो चेहरा आता कोणाचा, शेतमालकाचा की शिधा घेण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या लाभार्थ्याचा? आणि पंचांगात दिसणारे पुढचे वर्ष कोणत्या गावचे? या प्रश्नांची उत्तरे शिध्याच्या पिशवीत नव्हती. आजच्या विषयाचा गाभा हाच आहे. संघर्षामुळे घर सुटलेल्या माणसाचे पोट भरता येते, डोक्यावर छप्पर घालता येते. पण त्याच्या मनाचे पुनर्वसन कसे करायचे?

शब्दातच हरवलेली माणसे

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत आपण सरसकट 'निर्वासित' म्हणतो. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत मात्र देशाची सीमा ओलांडून आश्रय घेणारा तो निर्वासित, आणि आपल्याच देशात घर सोडावे लागलेला तो अंतर्गत विस्थापित. अशा विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. काश्मिरी हिंदूंना आपल्या शासकीय दप्तरात यांपैकी एकही शब्द लाभला नाही. त्यांची नोंद 'मायग्रंट', म्हणजे स्थलांतरित, अशी झाली. चांगल्या नोकरीसाठी कोकणातून मुंबईस येणाराही स्थलांतरितच. जो जिवाच्या भीतीने रात्रीतून बाहेर पडला, त्याला हा शब्द लागला की त्याच्या दुःखाचे कारणच नाहीसे होते. आपल्यावर जे ओढवले त्याला योग्य नाव मिळावे, ही मागणी भावनिक हट्टाची नाही. जखमेला नाव मिळाल्याशिवाय तिच्यावर उपचार सुरू होत नाहीत.

काय घडले आणि मनावर काय कोरले गेले

घटनाक्रम बहुतेकांस ठाऊक आहे. १४ सप्टेंबर १९८९ रोजी श्रीनगरात टिकालाल टपलू यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर १९८९ रोजी निवृत्त न्यायाधीश नीलकंठ गंजू यांना भर रस्त्यात गोळ्या घालण्यात आल्या. १९ जानेवारी १९९० ची रात्र ध्वनिक्षेपकांवरून दिल्या गेलेल्या धमकीच्या घोषणांनी भरलेली होती. त्यानंतरच्या काही महिन्यांत शतकानुशतके खोऱ्यात नांदलेला एक समाज जवळजवळ संपूर्णपणे बाहेर पडला. पुढे देशभरात नोंदणीकृत विस्थापित काश्मिरी कुटुंबांची संख्या साठ हजारांच्या पुढे गेली आणि त्यांतील बहुसंख्य जम्मूत होती. बहुतांश कुटुंबे हिंदू. काही शीख आणि मुस्लीम कुटुंबेही त्या यादीत आहेत.

मुठी, पुरखू, मिश्रीवाला, नगरोटा ही जम्मूच्या परिसरातील छावण्यांची नावे. चिनारांच्या सावलीत आणि थंड हवेत वाढलेली माणसे चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात तंबूंमध्ये आली. उष्माघाताने आणि सर्पदंशाने माणसे दगावली. तंबूंच्या जागी पुढे एकेका खोलीची घरे आली. एका खोलीत आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे. तेथेच स्वयंपाक, तेथेच अभ्यास, तेथेच आजारपण. पती-पत्नीला दोन शब्द एकांतात बोलण्याची सोय नाही, वयात आलेल्या मुलीला कपडे बदलण्यास आडोसा नाही. जगती येथे चार हजारांहून अधिक दोन खोल्यांच्या घरांची वसाहत उभी राहिली ती २०११ मध्ये. म्हणजे जे मूल छावणीत जन्मास आले, ते एकवीस वर्षांचे झाले तेव्हा त्याच्या कुटुंबाला दुसरी खोली मिळाली. एखाद्या घराची मर्यादा, त्यातील वडीलधाऱ्यांचा मान, परस्परांतील संकोच हे सारे भिंतींच्या आधाराने टिकत असते. त्या भिंतीच नाहीशा झाल्या.

याचा परिणाम शरीरावरही दिसू लागला. डॉ. कुंदनलाल चौधरी हे स्वतः विस्थापित झालेले काश्मिरी वैद्यकतज्ज्ञ. त्यांनी जम्मूत विस्थापितांवर उपचार केले आणि या समाजाच्या आरोग्याची दैना सातत्याने मांडली. मधुमेह, रक्तदाब, निद्रानाश या तक्रारींमागे घर सुटल्याचा ताण आहे, हे त्यांच्यासारख्या डॉक्टरांना रुग्ण तपासताना दिसत होते. जम्मूतील एका छावणीतील प्रौढांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्य हा प्रमुख विकार म्हणून पुढे आला. विस्थापनाला तोवर वीस वर्षे लोटली होती. 'काळ हेच औषध' असे आपण सहज म्हणतो. या औषधाने येथे गुण दिला नव्हता.

कारण ही हानी विलक्षण प्रकारची आहे. पॉलीन बॉस या अमेरिकी विदुषींनी 'संदिग्ध हानी' अशी एक संकल्पना मांडली. मृत्यू झाला तर दहावे-तेरावे होते, लोक भेटून जातात, दुःखाला एक कड असते. परंतु बेपत्ता माणसाचे सुतक कसे धरायचे? गेलेल्या घराचेही तसेच. घर आहे, पण जाता येत नाही. ते जळाले, विकले गेले की दुसरे कोणी त्यात राहते आहे, हेही अनेकांना वर्षानुवर्षे कळत नव्हते. परतण्याची आशा सोडावी तर पूर्वजांशी प्रतारणा केल्यासारखे वाटते, आणि धरावी तर नव्या गावात मूळ धरत नाही. मन उंबरठ्यावर उभे राहते, ना आत, ना बाहेर.

दुःख आणि आजार यांतील सीमारेषा

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विस्थापित झालेला प्रत्येक मनुष्य मनोरुग्ण नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त प्रदेशांत राहणाऱ्यांपैकी सुमारे पाचांतील एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. हे प्रमाण मोठे आहे. पण उरलेले चौघे आजारी नाहीत, दुःखी आहेत. भयंकर प्रसंगानंतर झोप उडणे, दचकणे, रडू येणे हे मन शाबूत असल्याचेच लक्षण आहे.

भगवद्गीतेचा पहिला अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. अर्जुनाची गात्रे शिथिल होतात, तोंडाला कोरड पडते, अंग कापते, धनुष्य हातातून गळते, उभे राहवत नाही. आधुनिक वैद्यकाने तीव्र मानसिक आघाताची जी लक्षणे नोंदवली, त्यांच्याशी याचे किती साम्य आहे! आणि भगवंत काय करतात? त्या संपूर्ण अध्यायात ते जवळजवळ बोलतच नाहीत. अर्जुनाला बोलू देतात. उपदेश नंतर येतो. आधी ऐकणे येते. ज्या ग्रंथाला आपण कर्मयोगाचे शास्त्र मानतो, त्याच्या पहिल्याच अध्यायाला 'विषादयोग' असे नाव आहे. म्हणून खचलेल्या माणसाला 'खंबीर हो' असे पहिल्याच भेटीत सांगणे, हे आपल्या परंपरेलाही धरून नाही.

पाच आधारस्तंभ

ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ डेरिक सिलोव्ह यांनी निर्वासितांमध्ये दीर्घकाळ काम करून एक मांडणी केली. माणसाचे मन पाच स्तंभांवर उभे असते: सुरक्षितता, नातेबंध, न्याय, समाजातील भूमिका आणि जगण्याचा अर्थ. युद्ध वा छळ हे पाचही स्तंभ एकदम हलवतात. ते पुन्हा उभे राहिले तर बहुसंख्य माणसे औषधाविनाही सावरतात. ते तसेच पडलेले राहिले तर केवळ औषधाने फारसे साधत नाही. ही मांडणी काश्मिरी विस्थापितांच्या अनुभवाशी ताडून पाहण्यासारखी आहे.

पहिला स्तंभ सुरक्षितता. जानेवारी १९९८ मध्ये वंधामा येथे तेवीस आणि मार्च २००३ मध्ये नदीमार्ग येथे चोवीस हिंदूंची हत्या झाली. मे २०२२ मध्ये चाडूरा येथील शासकीय कार्यालयात शिरून एका पंडित कर्मचाऱ्याला ठार मारण्यात आले. तो पंतप्रधान पुनर्वसन योजनेतील नोकरीवर खोऱ्यात परतलेला होता. अशी प्रत्येक बातमी जम्मूतील, दिल्लीतील, पुण्यातील विस्थापिताला पुन्हा १९९० च्या रात्रीत नेऊन सोडते. जखमेवर धरलेली खपली प्रत्येक वेळी निघते.

दुसरा स्तंभ नातेबंध. एका गल्लीतील दहा घरे दहा शहरांत विखुरली. तरुण शिकून बंगळुरू, पुणे, परदेश येथे गेले. वृद्ध मागे राहिले. त्यांच्या मातृभाषेत बोलणारे शेजारीही उरले नाहीत. महाराष्ट्रात याचा वेगळ्या प्रकारे अनुभव आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर नवी गावे वसली. पक्की घरे आली, रुंद रस्ते आले, परंतु जुन्या गावातील ओटा, वाडा, आळी आणि समोरासमोरचा शेजार हरवला. घर म्हणजे चार भिंती नव्हेत, हे तेथे काम केलेल्या कार्यकर्त्यांनी जवळून पाहिले आहे.

तिसरा स्तंभ न्याय. तो मानसोपचाराच्या चर्चेत क्वचित येतो, पण त्याचे मोल फार मोठे आहे. काश्मिरी हिंदूंच्या हत्यांच्या २१५ प्रकरणांची पुन्हा चौकशी करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली. सत्तावीस वर्षांनंतर पुरावा कोठून मिळणार, असा न्यायालयाचा प्रश्न होता. न्यायमूर्ती गंजू यांच्या हत्येबाबत माहिती देण्याचे आवाहन राज्य तपास यंत्रणेने केले ते ऑगस्ट २०२३ मध्ये, चौतीस वर्षे होत आली तेव्हा. उशीर झाला तरी त्या आवाहनाला अर्थ आहे. 'जे घडले ते घडले होते आणि ते चुकीचे होते' असे राज्यसंस्थेने म्हणणे, याने पीडिताच्या मनावरील एक मोठा दगड हलतो. न्याय म्हणजे सूड नव्हे. सूडाची आग पीडितालाच जाळत राहते. न्याय त्याला शांत झोप देतो.

चौथा स्तंभ भूमिका. सफरचंदाच्या बागेचा मालक, शाळेतील गुरुजी, मंदिरातील पुरोहित यांची ओळख एका शिधापत्रिकेत मावली. आर्थिक साहाय्य आवश्यकच आहे. २०१८ मध्ये ते दरडोई मासिक ३,२५० रुपये आणि कुटुंबामागे कमाल १३,००० रुपये झाले. पण घेणारा हात सतत पालथा झाला नाही, तर माणूस आतून खचत जातो. नव्वदच्या दशकात महाराष्ट्राने तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांत विस्थापित काश्मिरी विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवल्या; त्यासाठी बाळासाहेब ठाकरे यांनी आग्रह धरला होता. हा निर्णय मानसोपचार म्हणून कोणी घेतला नव्हता, परंतु छावणीतील एका तरुणाला 'अभियंता' ही ओळख देणे, हा कोणत्याही गोळीपेक्षा मोठा उपचार होता. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. लहानमोठ्या धंद्यांतून त्यांनी जे नगर उभे केले, त्याने त्यांचे मनही उभे केले.

पाचवा स्तंभ जगण्याचा अर्थ. श्रद्धा, सण, भाषा यांतून तो मिळतो. तुलमुल्ला येथील खीरभवानीच्या ज्येष्ठ अष्टमीच्या यात्रेला विस्थापित कुटुंबे दूरदूरवरून जातात. देवीच्या कुंडाशी उभी राहिलेली म्हातारी केवळ दर्शन घेत नसते. आपल्या आयुष्याचे तुटलेले दोन तुकडे ती काही घटका जोडून पाहत असते. हेरथच्या, म्हणजे महाशिवरात्रीच्या, पूजेतील भिजवलेले अक्रोड छावणीतही शेजाऱ्यांना वाटले गेले. ज्या समाजाने सण सोडले नाहीत, त्याने उद्याची आशाही सोडलेली नसते.

कार्यकर्त्याने काय करावे

संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न संस्थांनी २००७ मध्ये आपत्तीतील मानसिक आधाराची जी मार्गदर्शिका तयार केली, तिने या कामाची उतरंड सांगितली आहे. तळाशी अन्न, निवारा आणि सुरक्षितता, तीही माणसाचा मान राखून. त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार. त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत. सर्वांत वर, थोड्यांसाठी, मनोविकारतज्ज्ञ. आपल्यासारख्या कार्यकर्त्याचे क्षेत्र खालच्या तीन पायऱ्यांचे आहे. भोपाळ, लातूर, ओडिशातील चक्रीवादळ, कच्छचा भूकंप, त्सुनामी अशा आपत्तींत बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने सामान्य कार्यकर्त्यांना तयार करूनच हे काम विस्तारले.

या कामाची सूत्रे तीन शब्दांत सांगता येतात: पाहणे, ऐकणे, जोडणे. प्रथम पाहावे की कोण जेवत नाही, कोण घराबाहेर पडत नाही, कोणते मूल एकाएकी गप्प झाले आहे, कोणाचे मद्यपान वाढले आहे. मग ऐकावे, मध्येच तोडू नये, 'आमच्याकडेही असेच झाले' म्हणून तुलना करू नये. आणि मग जोडावे: दुरावलेल्या नातलगाशी, शाळेशी, कामाशी, देवळाशी आणि गरज असेल तेव्हा डॉक्टरांशी. जगण्यात अर्थ नाही, अशी भाषा कोणी केली तर ती गंभीरपणे घ्यावी, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी. २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला आहे. अंगारा-धुपारा करून महिने दवडणे, अथवा 'लोक काय म्हणतील' म्हणून सुनेचे नैराश्य लपवणे, यात घराण्याची अब्रू राहत नाही, माणूस मात्र जातो.

आत्मपरीक्षणाचा एक मुद्दा

आता थोडे कटू वाटेल असे. दरवर्षी १९ जानेवारीला ठिकठिकाणी कार्यक्रम होतात. व्यासपीठावर एखाद्या विस्थापित भगिनीला बोलावले जाते आणि त्या रात्रीची कहाणी सांगण्याची विनंती होते. सभागृह सुन्न होते, टाळ्या पडतात, अध्यक्षीय समारोप होतो. ती भगिनी मात्र घरी गेल्यावर रात्रभर जागी राहते. दुसऱ्या दिवशी तिची विचारपूस कोण करतो?

आघातानंतर एका बैठकीत सारे काही वदवून घेण्याने मन मोकळे होते, असा पूर्वी समज होता. जागतिक आरोग्य संघटना आज ही पद्धत वापरू नये, असे सांगते. सांगायचे की नाही, केव्हा, किती आणि कोणाला, हे पीडिताच्या हाती असले पाहिजे. साक्ष हा त्याचा हक्क आहे, श्रोत्यांचा नव्हे. विस्थापितांची वेदना देशासमोर यायलाच हवी. तीन दशके ती दडपली गेली, ही खंत रास्त आहे. परंतु विस्थापित हा आपल्या भाषणातील पुरावा होऊन उरला आणि माणूस म्हणून विसरला गेला, तर त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो, आणि या वेळी तो आपल्या माणसांकडून होतो.

आणि दुःखाला पंथ नसतो, हेही मनाच्या मोठेपणाने ओळखावे लागेल. काश्मीर खोऱ्यात २०१५ मध्ये झालेल्या सर्वेक्षणात ४५ टक्के प्रौढांत मानसिक ताणाची लक्षणे आढळली. हिंसेने ज्यांना हाकलले त्यांनाही सोडले नाही आणि जे मागे राहिले त्यांनाही सोडले नाही. मे २०२३ मध्ये उसळलेल्या संघर्षाने मणिपूरमध्ये सुमारे ६० हजार लोक घराबाहेर पडले. त्या छावण्यांतील मूल मैतेई असो वा कुकी, रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला जवळ घेण्यासाठी जात विचारावी लागत नाही. काश्मिरी छावण्यांनी शिकवलेला धडा तेथे उपयोगी पडावा. एकवीस वर्षे एका खोलीत काढण्याची पाळी पुन्हा कोणावर येऊ नये.

वैद्याने मागितलेले बक्षीस

शेवटी काश्मीरच्याच इतिहासातील एक कथा. चौदावे शतक संपत असताना सिकंदराच्या राजवटीत तेथील हिंदूंचा मोठा छळ झाला. कित्येक कुटुंबे परागंदा झाली. पुढे पंधराव्या शतकात सुलतान झैनुल आबिदीन गादीवर असताना त्याला एक जीवघेणे गळू झाले. श्रीभट्ट नावाच्या वैद्याने त्याला बरे केले. सुलतानाने हवे ते बक्षीस माग म्हटले. परंपरा सांगते की, वैद्याने स्वतःसाठी काहीच मागितले नाही. आपल्या लोकांना अभय मिळावे आणि देशोधडीला लागलेल्यांना परत येता यावे, एवढेच मागितले. सुलतानाने ते दिले. माणसे परतली. जम्मूतील विस्थापितांसाठी डॉ. चौधरी यांनी जे रुग्णालय उभारले, त्याला याच वैद्याचे नाव दिले गेले, हे किती अर्थपूर्ण आहे!

त्या वैद्याला कळले होते की शरीराची जखम लेपाने भरते, पण समाजाची जखम भरण्यासाठी अभय लागते, सन्मान लागतो आणि परतण्याची वाट मोकळी असावी लागते. तेवढे आज आपल्या हातात कदाचित नाही. परंतु पुण्या-मुंबईच्या एखाद्या इमारतीत, आपल्याच मजल्यावर, एखादे काश्मिरी कुटुंब राहत असेल. येत्या पाडव्याला गुढी उभारून झाली की त्यांच्या दारी जावे. नवरेहच्या शुभेच्छा द्याव्यात, ताटातील अक्रोड आनंदाने घ्यावा, आणि काहीही न विचारता थोडा वेळ बसावे. त्यांना बोलावेसे वाटले, तर ऐकावे.